‘अजून तयारी झाली नाही’

गेल्या पावसाळ्यात आमचे एक जुने स्नेही पूर्व आफ्रिकेतून परत आले. हे गृहस्थ मराठी ख्रिस्ती असून धर्मशास्त्राचे नाणावलेले अध्यापक आहेत. गेली काही वर्षे दरसाल सहा आठवडे तिकडील खेड्यापाड्यांतील पाळकांना ईश्वरविज्ञान शिकविण्यासाठी ते स्वखुशीने जात असतात. भोजनोत्तर गप्पांत मी त्यांना सहज विचारले की, इतकी वर्षे शिकवून झाल्यावर ते वर्ग आता तिकडचीच मंडळी चालवीत असतील, नाही का? त्यावर ते म्हणाले, ‘‘अहो, माणसे भाविक आहेत, कष्टाळू आहेत, पाठांतर तर आपल्याहून चांगले; पण वर्ग त्यांच्यावर सोपवावा इतकी त्यांची अजून तयारी झाली नाही.’’ एवढे बोलून ते सुपारी कातरू लागले. मी मात्र चमकलो. कारण पंचवीस वर्षांपूर्वी याच गृहस्थांनी याच ओसरीवर एका परदेशी समितीचे पत्र संतापाने माझ्यापुढे आपटले होते. आपल्या संस्थेचा अभ्यासक्रम येथल्या अध्यापकांनी ठरवावा अशी त्यांची मागणी होती, आणि समितीने मोठ्या सौजन्याने कळविले होते की, येथील अध्यापकवर्गाची अजून तयारी झाली नाही.

तेव्हापासून हे चार शब्द माझ्या मनातून हलत नाहीत. परमुलुखात जाऊन तेथील ख्रिस्ती मंडळीचे पुढारी तयार करण्याचा उद्योग गेली चारशेहून अधिक वर्षे चालू आहे. त्यात विद्वान, त्यागी आणि निःस्पृह माणसांनी आपली आयुष्ये वेचली, हे मी प्रारंभीच मान्य करतो. परंतु त्या उद्योगाचा इतिहास चाळू लागले की ठिकठिकाणी हेच चार शब्द भेटतात. बोलणारा कधी पोर्तुगीज असतो, कधी इंग्रज, कधी अमेरिकन, आणि आता आपल्यांतला मराठी माणूसही. माझे प्रतिपादन थोडक्यात असे आहे : शिष्याची तयारी झाली किंवा नाही हे ठरविण्याचा हक्क ज्या गुरूने स्वतःकडेच कायमचा राखून ठेवला आहे, त्याला शिष्य तयार झालेला कधीच दिसत नाही. म्हणून परदेशी जाऊन धर्मशिक्षण देणारे जे कार्य स्वतःच्या निघून जाण्याचा दिवस आधी ठरवीत नाही, ते कितीही सद्हेतूने चाललेले असो, त्याला शिक्षणकार्य म्हणणे हा शब्दाचा दुरुपयोग आहे.

येथे कित्येक वाचक म्हणतील की, हा ख्रिस्ती लोकांचा घरगुती प्रश्न. त्यात आपण कशाला पडावे? धर्मांतराचा वाद काढावा तर त्याला अर्थ आहे, पण त्यांचा पाळक कोणी शिकवावा याचे आपणांस काय? धर्मांतराचा वाद स्वतंत्र आहे आणि तो या लेखाचा विषय नाही. पण प्रस्तुत प्रश्न मात्र आपलाही आहे. १९१९ च्या हिंदुस्थान सरकारच्या कायद्याच्या प्रस्तावनेतच लिहिलेले होते की, या देशाने स्वराज्याच्या वाटेवर पुढचे पाऊल केव्हा व कसे टाकावे हे ब्रिटिश पार्लमेंट ठरवील. तेव्हा आपल्या वडीलधाऱ्यांना त्या प्रस्तावनेचा जो संताप आला, त्याचे कारण हेच चार शब्द होते. आणि याहून जुनी गोष्ट सांगावयाची तर, आपल्या भाषेतील ‘अधिकार’ हा शब्दच पाहावा. अधिकार म्हणजे पात्रता, आणि अधिकार म्हणजे सत्ताही. वेदाध्ययनाचा तुला अधिकार नाही असे शतकानुशतके ज्यांनी सांगितले, त्यांनी पहिल्या अर्थाच्या आड दुसरा अर्थ सुरक्षित ठेवला होता. तेव्हा आपण परक्याच्या घरात डोकावत आहोत असे कोणी समजू नये.

प्रथम आपल्या शेजारचेच उदाहरण घेऊ. गोव्यातील दिवाडी बेटावर सुमारे १५९४ साली एका ख्रिस्ती ब्राह्मण कुटुंबात मातेउस द कास्त्रो जन्मास आला. त्याला धर्मगुरू व्हावयाचे होते. पण गोव्याच्या आर्चबिशपने त्याला दीक्षा देण्याचे नाकारले. तेव्हा हा तरुण रोमला गेला. १६२२ साली पोपने श्रद्धाप्रसाराचे एक मध्यवर्ती मंडळ स्थापन केले होते, आणि दूरदेशीच्या तरुणांना धर्मशास्त्र शिकविण्यासाठी १६२७ मध्ये रोममध्येच एक विद्यालय निघाले. परदेशी मंडळीचे पुढारी शिकवून तयार करण्याचा हा रोमचा सुसंघटित आरंभ होय. कास्त्रोने रोममध्ये तत्त्वज्ञान व ईश्वरविज्ञान यांचे अध्ययन केले, दीक्षा मिळविली, आणि रोमची पत्रे घेऊन तो गोव्यास परतला. विद्या झाली, दीक्षा झाली, खुद्द रोमची शिफारस झाली. आता तरी तयारी पुरी झाली असे कोणासही वाटेल. पण गोव्याच्या धर्माधिकाऱ्यांनी व राज्याधिकाऱ्यांनी त्याची कागदपत्रेच मान्य केली नाहीत. तो पुन्हा रोमला गेला. १६३७ साली त्याला बिशपपदाची दीक्षा मिळाली. त्याला कार्यक्षेत्र मिळाले ते विजापूरच्या आदिलशाही मुलखात, म्हणजे पोर्तुगीज सत्तेच्या हद्दीबाहेर, आणि त्याने आपले ठाणे दिले डिचोलीस. आपल्या जन्मगावापासून हाकेच्या अंतरावर, पण परक्या राज्यात, हा बिशप राहिला. आणि गोव्याशी झगडत, वारंवार रोमकडे दाद मागत अखेर १६७७ साली रोममध्येच वारला.

कास्त्रोचा स्वभाव तापट होता आणि त्याच्या लेखणीला धार होती, असे त्याचे विरोधक सांगत. असेलही. पण ज्याला एकदा दीक्षा नाकारून परत पाठविले आणि विद्या घेऊन आल्यावर कागदावरचा शिक्का बरोबर नाही म्हणून परत पाठविले, त्याने शांत स्वभावाचे असावे ही अपेक्षा फार झाली. मौज अशी की, रोमला हे सारे समजत होते. १६५९ साली चीन व त्याच्या दक्षिणेकडील देशांत जाणाऱ्या बिशपांना श्रद्धाप्रसार मंडळाने ज्या लेखी सूचना दिल्या, त्यांत स्पष्ट सांगितले आहे की, तेथील लोकांतूनच धर्मगुरू, इतकेच काय बिशपही, तयार व्हावेत हा तुमच्या जाण्याचा मुख्य हेतू आहे. त्यांच्या चालीरीती मोडू नका, आपला युरोप त्यांच्या गळ्यात बांधू नका, असेही त्यात आहे. याहून शहाणपणाची सूचना आज कोणी लिहू म्हणेल तर त्याला ते जमणार नाही. पण पुढे काय झाले? १६८५ साली एक चिनी धर्मगुरू, लो वेन-त्साओ, बिशप झाला. त्याच्यानंतरचे चिनी बिशप पोपच्या हस्ते दीक्षित झाले ते १९२६ साली. मध्ये गेलेली वर्षे दोनशे एकेचाळीस. आणि १९१९ मध्ये पंधराव्या बेनेडिक्ट पोपला पुनः एकदा पत्रक काढून बजवावे लागले की, तद्देशीय धर्मगुरूंना परकीयांच्या हाताखालची दुय्यम कामे करण्यापुरते शिकवू नका. जी गोष्ट अडीचशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवली होती, ती पुन्हा लिहावी लागते याचा अर्थ, तिचा अंमल करणाऱ्यांना ती पटली नव्हती एवढाच होतो.

आता प्रॉटेस्टंटांकडे वळू. कारण त्यांच्यापैकी पुष्कळांना असे वाटते की, ही सारी पोर्तुगालच्या राजाची व रोमन पंथाची खोड आहे. इंग्लंडातील चर्च मिशनरी सोसायटीचे चिटणीस हेन्री व्हेन हे या विषयातील एक अत्यंत विचारी पुरुष. १८४१ पासून सुमारे तीस वर्षे त्यांनी त्या संस्थेची सूत्रे सांभाळली, आणि असा सिद्धांत मांडला की, परदेशातील प्रत्येक मंडळी आपला खर्च आपण चालवणारी, आपला कारभार आपण करणारी व आपला प्रसार आपण करणारी झाली पाहिजे. ती तशी झाली की मिशनने तेथून सुखाने उठून जावे. या सिद्धांताचे मूर्तिमंत उदाहरण म्हणून त्यांनी जगापुढे ठेवला तो सॅम्युएल अजायी क्राउदर.

क्राउदरचे चरित्र मोठे विलक्षण आहे. योरुबा जमातीतला हा मुलगा १८२१ साली गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती सापडला. १८२२ साली ब्रिटिश आरमाराने त्याचे जहाज पकडून त्याला सिएरा लिओनमध्ये मुक्त केले. तेथील फ्रीटाउन शहरात १८२७ साली निघालेल्या फुरा बे विद्यालयाचा तो अगदी पहिल्या विद्यार्थ्यांपैकी एक. १८४३ मध्ये लंडनला त्याची दीक्षा झाली. त्याने योरुबा भाषेचे शब्दसंग्रह व व्याकरण तयार केले, त्या भाषेत बायबल आणण्याच्या कामात प्रमुख भाग घेतला. १८६४ साली कँटरबरीच्या कॅथीड्रलमध्ये तो बिशप झाला आणि त्याच वर्षी ऑक्सफर्डने त्याला सन्माननीय पदवी दिली. नायजर नदीकाठचे सारे कार्य त्याने आफ्रिकी सहकाऱ्यांच्या साहाय्याने उभारले. पंचवीस वर्षे गेली. व्हेन १८७३ साली वारले होते. युरोपच्या राष्ट्रांत आफ्रिका वाटून घेण्याची चढाओढ लागली होती. आणि नायजरवर नव्या दमाचे तरुण इंग्रज मिशनरी आले होते. त्यांना आफ्रिकी धर्मसेवकांच्या वागणुकीत दोष दिसले. १८९० च्या चौकशीत या तरुणांनी ऐंशी वर्षांच्या बिशपसमोर बसून त्याच्या अनेक माणसांना निलंबित केले. बिशपने त्या समितीचा राजीनामा दिला. १८९१ च्या डिसेंबरच्या अखेरच्या दिवशी तो वारला, आणि त्याच्या जागी इंग्रज बिशपाची नेमणूक झाली. पुढे आफ्रिकी माणसांना सहायक बिशपाची पदे मिळाली; सहायकाची!

येथे पूर्वपक्षाचे म्हणणे न्यायाने ऐकले पाहिजे. तो म्हणेल, ‘नायजरवरील दोष खोटे नव्हते. अंतरे मोठी, देखरेख अपुरी, बिशप वृद्ध व मनाने मऊ; काही धर्मसेवक खरोखरच चुकले होते. अशा वेळी गप्प बसणे हा मंडळीचाच घात नव्हे काय?’ मी म्हणतो, दोष होते असे समजू. दोषी माणसाला काढावे, याबद्दल वाद नाही. परंतु इंग्लंडमधील एखाद्या धर्मप्रांतात पाळक व्यसनी निघाले तर त्या पाळकांना काढतात. यापुढे इंग्रजाला बिशप करू नये असा ठराव कोणी करीत नाही. आफ्रिकेत मात्र दहा माणसांच्या दोषांवरून एका वंशाच्या तयारीचा निकाल लागला. इंग्रजाचा दोष हा त्या माणसाचा दोष, आणि आफ्रिकनाचा दोष हा आफ्रिकेचा दोष, असा हा तराजू आहे. शिवाय निकाल देणारे कोण? ज्यांना त्या नदीकाठी येऊन फार वर्षे झाली नव्हती असे तरुण. त्यांची तयारी कोणी तपासली होती?

पूर्वपक्षाचा दुसरा मुद्दा अधिक विद्वत्तेचा आहे. ‘ईश्वरविज्ञान हे काही भजनाचे टाळ नव्हेत. त्यामागे हिब्रू व ग्रीक भाषा आहेत, धर्मपरिषदांचे निर्णय आहेत, शतकांचा वादविवाद आहे. अर्धवट शिकलेल्याच्या हाती ते दिले तर पाखंड माजेल.’ हा मुद्दा मला, एक शिक्षक म्हणून, मनापासून समजतो. ज्ञान सवंग होऊ नये ही चिंता खरी आहे. पण हे शास्त्र ज्यांनी घडविले ते कोठले होते? टर्टुलियन कार्थेजचा, ऑरिजेन व अथानेशियस अलेक्झांड्रियाचे, आणि ज्याच्या ग्रंथांवर पश्चिमेकडील सारे ईश्वरविज्ञान उभे आहे तो ऑगस्टीन हिप्पोचा, म्हणजे आजच्या अल्जीरियाचा. आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावर घडलेली विद्या युरोपने घेतली, जतन केली, वाढविली, आणि मग तीच आफ्रिकेस देताना सांगितले की, ती पेलण्याची तुमची अजून तयारी नाही! राहता राहिले पाखंड. पहिल्या चार शतकांतील पाखंडे पसरली ती विद्वानांच्या वादांतून. आणि ती खोडून काढली तीही त्याच मंडळीतील माणसांनी, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नव्हे. जी मंडळी आपल्या चुका आपण ओळखून आपण सुधारीत नाही तिला शास्त्र आले असे म्हणताच येत नाही, आणि चूक करण्याची मुभा नसेल तर ती ओळखण्याचा अभ्यास कसा व्हावा? काठावर उभे करून कोणाला पोहणे शिकविता येत नाही.

कोणी म्हणतील, हा सारा परकी भाषेचा दोष आहे. देशी भाषेत शिकवा म्हणजे सर्व सुरळीत होईल. मीही एके काळी असेच मानीत असे. पण इतिहास पाहता हे औषध अपुरे पडते. फादर स्टीफन्ससारखा इंग्रज जेझुइट गोव्यात सुमारे चाळीस वर्षे राहिला आणि १६१६ साली त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ मराठी ओवीत छापून निघाले. मराठीवर त्याचे प्रेम होते याविषयी शंका नको. तरीही त्या काळी गोव्यातील धर्मसंघांची दारे देशी माणसांना बहुधा बंदच होती. त्यांच्या भाषेत त्यांना सांगावयाचे, पण सांगणाऱ्यांच्या पंगतीत त्यांना बसवावयाचे नाही, असा तो प्रकार. आणि ती भाषाही केवळ कृपेवर जगत होती. १६८४ साली व्हॉइसरॉयने फर्मान काढून तीन वर्षांत देशी भाषा टाकून पोर्तुगीज बोला असे लोकांना फर्मावले.

याच्या अगदी उलट उदाहरण आपल्या अहमदनगर-मुंबईकडचे. अमेरिकन मराठी मिशनचे काम मुंबईत १८१३ साली सुरू झाले. त्यांच्या बोर्डाचे चिटणीस रूफस अँडर्सन १८५४-५५ मध्ये हिंदुस्थानात येऊन गेले. व्हेनप्रमाणेच यांचाही आग्रह की, मंडळी देशी पाळकांच्या हाती द्याव्यात. त्यासाठी शिक्षण देशी भाषेत असावे आणि इंग्रजी शाळांवर मिशनचा पैसा खर्च होऊ नये. तत्त्व निर्दोष. पण त्या काळी इंग्रजी हीच मोठ्या पदांची किल्ली होती, आणि ती किल्ली मिळाल्याखेरीज देशी पाळक परदेशी मिशनऱ्याच्या बरोबरीने समितीत बसणार कसा? तेव्हा तुला मराठीच शोभते, या प्रेमळ उपदेशातून त्याची पायरी खालची राहण्याचीच व्यवस्था झाली. गोव्यात देशी भाषा हिरावून घेतली, येथे इंग्रजी हिरावून घेतली. दोन्ही ठिकाणी निर्णय दुसऱ्याने केला. मी जन्मभर इंग्रजी शिकवीत आलो आणि लिहिले ते मराठीत. म्हणून सांगतो की, कोणत्या भाषेत शिकावे या प्रश्नाहून ते कोणी ठरवावे हा प्रश्न आधीचा आहे.

रेव्हरंड टिळकांचे चरित्र या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, १९०४ मध्ये त्यांची पाळकपदाची दीक्षा झाली, अहमदनगरच्या सेमिनरीत त्यांनी शिकविले, आणि मराठी ख्रिस्ती मंडळीच्या तोंडी आजही असलेली कितीतरी पदे त्यांचीच. अशा माणसाने १९१७ साली मिशनची नोकरी व तिचा पगार सोडून ‘देवाचा दरबार’ काढावा आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यात जागा द्यावी, याला काय म्हणावे? मिशनऱ्यांपैकी पुष्कळांचे टिळकांवर खरे प्रेम होते. पण पगार देणारा व घेणारा यांच्यामध्ये प्रेम कितीही असले तरी मोकळेपणा येत नाही, हे त्या कवीने ओळखले. दोनच वर्षांनी, १९१९ मध्ये, ते गेले. प्रयोग वाढावयाचा राहिला.

मग सोपवून पाहिले असे कोठेच घडले नाही काय? घडले आहे. १९१० साली एडिंबरोस मिशनऱ्यांची जागतिक परिषद भरली. प्रतिनिधी सुमारे बाराशे. त्यांत आशियातील लोक जेमतेम वीसएक. तेथे दक्षिणेतील वेदनायकम सॅम्युएल अझरायाह या तरुणाने उभे राहून सांगितले की, तुमचा त्याग व तुमचे दान आम्हांस पोहोचले, पण तुमची मैत्री पोहोचली नाही. सभागृहात कित्येकांना हे झोंबले. हा तरुण मद्रासच्या कॉलेजात शिकला होता, पण पदवीधर नव्हता. तयारीच्या नेहमीच्या गजाने मोजला असता तर उमेदवारीतच बाद झाला असता. १९१२ साली तो दोर्नकलचा बिशप झाला, अँग्लिकन पंथातील पहिला हिंदी बिशप, आणि १९४५ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याने तेलुगू खेड्यांत ती मंडळी अशी वाढविली की तिचा बोलबाला परदेशातही झाला. १९३९ साली दोर्नकलला जे कॅथीड्रल पुरे झाले, त्याच्या बांधणीत देवळाचे खांब आहेत आणि मशिदीचे घुमटही आहेत. कोणत्याही परदेशी समितीने असा नकाशा मंजूर केला असता असे मला वाटत नाही.

दुसरे उदाहरण मध्य अमेरिकेतील ग्वाटेमालाचे. तेथील प्रेसबिटेरियन सेमिनरी राजधानीत होती. खेड्यातील हुशार मुलगा तेथे यावा, चार वर्षे शिकावा, आणि मग खेड्यात परत जाऊ नये, असा अनुभव येऊ लागला. ज्यांना खेड्यातील लोक खरोखर पुढारी मानीत, ते प्रपंची, शेतकरी, पोक्त लोक तर सेमिनरीच्या दारापर्यंतही पोहोचत नसत. तेव्हा १९६३ च्या सुमारास त्या सेमिनरीने सारा क्रमच उलटा केला. विद्यार्थ्याला शाळेकडे ओढण्याऐवजी शाळा विद्यार्थ्याकडे गेली. आपली शेती व आपली मंडळी सांभाळीत त्याने घरी अभ्यास करावा आणि आठवड्यातून एकदा गुरूने जवळच्या गावी येऊन शंका सोडवाव्यात, अशी योजना झाली. ही पद्धत पुढे अनेक देशांत गेली. तिचे मर्म माझ्या मते असे की, तेथे अधिकार आधी होता आणि शिक्षण त्याच्या मागून आले. ज्याच्यावर लोकांनी जबाबदारी टाकली आहे तोच खरा जिज्ञासू विद्यार्थी होतो, हे कोणत्याही अनुभवी शिक्षकाला पटेल.

देश स्वतंत्र होऊ लागल्यावर पश्चिमेकडील मंडळींनाही जाग आली. १९५८ साली धर्मशिक्षणासाठी एक मोठा आंतरराष्ट्रीय निधी उभारला गेला आणि आशिया-आफ्रिकेतील विद्यालयांना ग्रंथालये, इमारती व शिष्यवृत्त्या मिळाल्या. आरंभी उत्कर्षाचे माप असे की, युरोपच्या तोडीचे व्हा. पण पुढे त्याच निधीची सूत्रे तैवानच्या शोकी को यांच्याकडे आली. १९७२ साली त्यांनी नवा विचार पुढे मांडला की, धर्मशिक्षण आपापल्या देशकालाच्या परिस्थितीतून उगवले पाहिजे. दुसऱ्याच्या वाफ्यातले रोप आणून लावणे पुरेसे नाही. त्याच सुमारास, १९७१ मध्ये, केनियाचे जॉन गाटू यांनी याहून कडू गोष्ट सांगितली. काही काळ तुमची माणसे व तुमचा पैसा दोन्ही थांबवा, म्हणजे आमचे पाय आहेत की नाहीत हे आम्हांस तरी कळेल. १९७४ साली लुसाका येथील आफ्रिकी चर्चपरिषदेने या मागणीस पाठिंबा दिला. पश्चिमेत पुष्कळांनी याला कृतघ्नपणा म्हटले. मुलाने वेगळे बिऱ्हाड करतो म्हटले की आपल्याकडेही आधी कृतघ्नपणाच दिसतो.

आज काळ बदलला आहे. विमानाने सहा आठवड्यांसाठी जाऊन शिकवून येणे सोपे झाले आहे, आणि जाणाऱ्यांत आता हिंदी, कोरियन व इतर आशियाई लोकही आहेत. म्हणजे एके काळचे शिष्य आता गुरू झाले आहेत. हा बदल आनंदाचाच आहे. पण आपण ज्या चार शब्दांचा मार खाल्ला, तेच शब्द आपल्या पेटीत घालून आपण पुढच्या देशात नेत असू, तर बदलला तो शिकविणाऱ्याचा रंग. पद्धत तीच राहिली. म्हणून परदेशी धर्मशिक्षण देण्यास निघालेल्या प्रत्येक संस्थेला, मग ती पुण्याची असो की बोस्टनची, तीन प्रश्न विचारले पाहिजेत असे मला वाटते. अभ्यासक्रम कोण ठरवितो? पैशाच्या पेटीची किल्ली कोणाच्या कनवटीला आहे? आणि तुम्ही कोणत्या साली तेथून निघणार, हे पहिल्याच दिवशी लिहून दिले आहे काय? पहिल्या दोन प्रश्नांना गोलमाल उत्तरे देता येतात. तिसऱ्याला येत नाहीत. आणि म्हणून तोच महत्त्वाचा. दिवस ठरला की गुरूला शिकविण्याची घाई होते, शिष्याला शिकण्याची निकड वाटते, आणि ‘अजून’ या शब्दाला लपावयास जागा उरत नाही.

कोणी म्हणेल, दिवस ठरवून निघून गेलात आणि मागे घोटाळा झाला तर? होईल. कास्त्रोच्या गोव्यात देशी बिशपावाचून कारभार चालला, तेथे घोटाळे झाले नाहीत काय? घोटाळा दोन्हीकडे आहे. फरक इतकाच की, एकीकडे तो निस्तरणारे त्यातून शिकतात आणि दुसरीकडे ते नुसते पाहत राहतात.

हे सर्व मी त्या स्नेह्यांना त्याच रात्री बोलून दाखविले. पंचवीस वर्षांपूर्वीच्या त्या पत्राची आठवणही दिली. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘‘ते पत्र मी अजून जपून ठेवले आहे. पण तुमचे काय? तुमच्या विभागातील त्या तरुण अध्यापिकेला पदवीच्या वर्गाचा शेक्सपिअर शिकवावयास अजून दिला नाही ना?’’ मी म्हणालो, ‘‘दिला असता, पण अजून तिची...’’ आणि तेथेच थांबलो. ही बाई नऊ वर्षे आमच्याकडे आहे. नऊ वर्षे तिने माझ्या सांगण्यावरून व्याकरण शिकविले, कुरकुर केली नाही, आणि मी ते तिच्या समाधानाचे लक्षण समजत आलो.

दुसऱ्या दिवशी मी वेळापत्रक बदलले. स्नेह्यांचे पत्र मागील आठवड्यात आले. त्यांनी पूर्व आफ्रिकेतील वर्गाच्या चालकांस कळविले आहे की, आपण आणखी दोनदा येऊ, तिसऱ्या वर्षी येणार नाही, आणि पुढील अभ्यासक्रम तेथील पाच पाळकांनी मिळून ठरवावा. पत्राच्या शेवटी त्यांनी लिहिले आहे की, हे लिहिताना हात थोडा कापला. माझाही कापला होता.